डाव्या बुटांचा तास

आमच्या मोठ्या बाई वाईट बातमी नेहमी चहा पाजून सांगतात. त्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि स्वतःच्या हातानं कप पुढे सरकवला, तेव्हाच मी ओळखलं की आज काहीतरी गळ्यात पडणार.

"सुट्टीनंतर चौथीचे दोन वर्ग करायचे म्हणतेय," त्या म्हणाल्या. "भरभर वाचणारे तुमच्याकडे. सावकाश वाचणारे मागच्या खोलीत. त्यांच्यासाठी एक अर्धवेळ बाई मिळाल्यात."

मागची खोली म्हणजे मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि कुठल्याशा नाटकातले पुठ्ठ्याचे डोंगर जिथे ठेवतात ती. तिथे खिडकी एकच, तीही उघडत नाही.

"म्हणजे अडगळीत अडगळ," मी म्हटलं.

माझी जीभ अशीच आहे. पण मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांना राग येत नाही, मुद्दे येतात. "वाचनाच्या तासाला तुमच्या वर्गात तीन गट बसतात. तुम्ही एका गटाकडे वळलात की बाकीचे दोन एकमेकांच्या दप्तरात डोकावतात. मी व्हरांड्यातून बघते रोज. खोटं सांगतेय का?"

खोटं नव्हतं, हाच तर त्रास होता. भरभर वाचणाऱ्यांना त्यांचं पुस्तक, मधल्यांना त्यांचं, आणि सावकाश वाचणाऱ्यांना दुसरीतलं, चित्रांचं. एकाच खोलीत मुलं तीन वेगवेगळ्या गोष्टी वाचायची आणि मी या टोकाकडून त्या टोकाकडे धावायची. तासाच्या शेवटी कुणाचीच गोष्ट धड झालेली नसायची.

"सगळा वर्ग मिळून एकच गोष्ट वाचू शकतो," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग कळलं की आपण बोललो.

"शक्य असतं तर तुम्ही आत्तापर्यंत केलं नसतं का?"

"करून दाखवते."

"ठीक. शुक्रवारी मी मागच्या बाकावर बसते. जमलं तर वर्ग एकच राहील. नाही जमलं तर दोन." त्यांनी माझा रिकामा कप उचलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बातमी शाळेत लपत नाही. संध्याकाळी फाटकाशी जुळ्यांची आई उभी होती. ती एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे तिच्या बाहीला नेहमी निळे दोरे चिकटलेले असतात. तिच्या दोन मुली माझ्या वर्गात एका बाकावर बसतात. एकीला सगळे थोरली म्हणतात, दुसरीला धाकटी. थोरली जेमतेम काही मिनिटांनी मोठी आहे, पण तो मोठेपणा तिनं फारच मनावर घेतलाय. थोरली पान उघडलं की भराभर वाचून मोकळी. धाकटी एकेक अक्षर बोटानं दाबत जाते, आणि तिचं बोट ओळीच्या मध्यावर पोचेपर्यंत थोरलीनं पुढचं पान उलटलेलं असतं.

"बाई, या दोघींना वेगळं करणार म्हणे?" आईनं विचारलं.

"अजून ठरलेलं नाही हो."

"गेल्या वर्षी थोरलीला कांजिण्या आल्या होत्या. धाकटी आठवडाभर एकटीच शाळेत आली. त्या आठवड्यात तिनं तोंड उघडलं नाही, बाई. इथेही नाही आणि घरीही नाही. मी काय काय केलं, पण नाही." ती बाहीवरचे दोरे काढत होती. "त्या खोलीत टाकलंत तर पोरं तिला मंद म्हणतील. म्हणू देत, पोरं काहीही म्हणतात. पण ती ते खरं मानेल."

मी तिला म्हटलं, "मी दोघींना वेगळं होऊ देणार नाही." शिक्षकानं असा शब्द देऊ नये. तो दिला, आणि रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

सोमवारी मी जोरात सुरुवात केली. पुस्तकातला एक धडा घेतला. म्हटलं, सावकाश वाचणाऱ्यांचं घोडं अवघड शब्दांशी अडतं, तर ते शब्द आधीच सांगून टाकावेत. फळ्यावर शब्द लिहिले, अर्थ सांगितले, वाक्यं करून घेतली, एक शब्द नाचूनसुद्धा दाखवला. मुलं खूश. मीही खूश. मग मी म्हटलं, "आता पुस्तकं उघडा," आणि घंटा झाली. लग्नाची सगळी तयारी झाली आणि नवराच आला नाही, तसा तो तास गेला.

मंगळवारी नवी युक्ती: एकेकानं उठून एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, ओळीनं. म्हणजे सगळ्यांना संधी. वर्ग इतका शांत होता की मला स्वतःचा अभिमान वाटला. मग मी मधेच पुस्तक मिटून विचारलं, "त्या बाईनं दार का उघडलं नाही?" कुणाचा हात वर नाही. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून त्याला वकील म्हणतात. मी त्याच्याकडे बोट केलं.

"बाई, माझा परिच्छेद सहावा आहे," तो म्हणाला. "दार पाचव्यात आहे. मी सहाव्याची तयारी करत होतो."

"आणि पहिले चार?"

"ते तर दुसऱ्यांचे आहेत ना?"

तेव्हा कळलं की ही सगळी शांतता हिशेबाची होती. प्रत्येकानं बाकं मोजून आपला तुकडा शोधला होता आणि तेवढाच घोकत बसला होता. गोष्ट कुणी ऐकतच नव्हतं. आणि ज्याचं वाचून झालं तो सुटलेल्या कैद्यासारखा खिडकीबाहेर बघत होता.

त्यातच धाकटीची पाळी आली. ती उभी राहिली, पहिला शब्द वाचला, दुसऱ्याशी थबकली. आणि सगळ्या वर्गानं एका सुरात तो शब्द तिला सांगितला. तिनं तो म्हटला. पुढच्याशी थबकली. पुन्हा सगळ्यांनी सांगितला. सगळ्यात आधी थोरलीनं. परिच्छेद संपला तेव्हा त्यातले तिचे स्वतःचे शब्द फार तर चार-पाच असतील, बाकीचे वर्गानं तिच्या तोंडात घातलेले. यात मुलांचा दोष नव्हता. "अडलेल्याला मदत करा" हा माझाच नियम, रंगीत कागदावर लिहून मीच भिंतीला लावलेला. त्या नियमाचं मला आजवर फार कौतुक होतं.

बुधवारी मी सगळ्यांना मनात वाचायला लावलं, नवी गोष्ट. या वेळी प्रश्न आधी फळ्यावर लिहिला, म्हणजे काय शोधायचं ते ठाऊक असेल. ही युक्ती बरी चालली. माना खाली गेल्या. मी पहिल्यांदा श्वास सोडला. आणि वकील मोठ्यानं म्हणाला, "अरे, तो राजाचा मुलगाच निघाला की!"

अर्ध्या वर्गानं पुस्तकं मिटली. शेवट कळल्यावर कोण कशाला वाचेल? धाकटीनंही मिटलं, पण आत बोट ठेवून. मी तिच्याजवळ गेले. बोट पहिल्याच पानावर होतं.

"मिटलंस का ग?"

ती सहसा मला उत्तर देत नाही, थोरली देते. पण थोरली तेव्हा वकिलाशी भांडत होती. धाकटी खाली बघत म्हणाली, "मी पोचायच्या आधीच गोष्ट संपते, बाई. नेहमीच."

मला भडभडून आलं. इतकी वर्षं मी मुलांना वाचायला शिकवतेय, आणि या मुलीनं अजून एकाही गोष्टीचा शेवट स्वतः वाचलेला नाही, हे मला तिनं सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसारा मांडला. शाळेच्या कपाटात मुलांच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा होता, त्यातून एक गोष्ट निवडली, वर्गातल्या कुणीच न वाचलेली. बूट शिवणाऱ्या एका आजोबांच्या दुकानातून रोज एक बूट चोरीला जातो, आणि नेमका डाव्याच पायाचा. पुस्तक हातात दिलं की कुणीतरी शेवटाकडे पळणारच. मग पुस्तकच द्यायचं नाही. मी गोष्ट सुट्या कागदांवर मोठ्या अक्षरात लिहून काढली आणि नेमकी जीव टांगणीला लागेल अशा जागी तोडली. एका वेळी सगळ्यांना एकाच पानाची प्रत. ते छोटं हवं, म्हणजे धाकटीसारख्यांनाही पुरं होईल. भरभर वाचणाऱ्यांना नुसतं वाचून चालणार नाही, उत्तर कुठल्या ओळीत सापडलं तिच्याखाली रेघ मारायची, म्हणजे त्यांना परत मागे फिरावं लागेल. मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्यांशी. पुढचं पान त्यानंतर.

नवऱ्यानं भाजी चिरता चिरता पहिलं पान उचललं, मग दुसरं.

"चोर लंगडा आहे," तो म्हणाला. "शेवटचं पान कुठंय?"

"नाही मिळणार."

"अगं, आजोबा जिन्याखाली वाकलेत आणि तू म्हणतेस नाही मिळणार? सांग ना काय आहे तिथे."

"नाही."

तो फुगून बसला. पन्नाशीचा माणूस, सुरी हातात, भाजी तशीच. मला फार बरं वाटलं. शेवटच्या पानाची एकच प्रत ठेवायची आणि ते मीच वाचून दाखवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

गुरुवारी मी वर्गाला सांगितलं की कुणी अडलं तर शब्द सांगायचा नाही, थांबायचं. वर्गाला वाटलं बाईंना बरं नाही. सराव म्हणून एकीला वाचायला उभं केलं. ती थबकली आणि तिसऱ्या क्षणाला सगळे ओरडले. मी डोळे वटारले. पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. धाकटी शुक्रवारी मोठ्यानं वाचणार नव्हती, एवढंच माझं समाधान.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या, मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या आणि इतरांसारखंच पान मागून घेतलं. मी फळ्यावर प्रश्न लिहिला: चोर फक्त डावेच बूट का नेतो?

पहिलं पान. दुकान, आजोबा, फळ्यांवर मांडलेले बूट, आणि सकाळी एक बूट गायब. माना खाली. पेन्सिली सरकायला लागल्या. मग बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, चोर लंगडा. (नवरा आठवला आणि मला हसू आवरेना.) वकिलाचं म्हणणं पडलं की हे समोरच्या दुकानदाराचं कारस्थान आहे, डावा बूट नेला की उजवा आपोआप फुकट जातो. वर्गाला ते पटलं. तेवढ्यात धाकटी थोरलीच्या कानात काहीतरी बोलली आणि थोरलीनं हात वर केला.

"ही म्हणतेय, चोर बुटका आहे."

"कशावरून?"

थोरलीला माहीत नव्हतं. तिनं कान पुढे केला. मग सांगितलं, "ही म्हणतेय, उजवे बूट वरच्या फळीवर आहेत आणि डावे खालच्या. चौथ्या ओळीत आहे."

सगळ्या वर्गात कागद सळसळले. भरभर वाचणारे सगळे त्या ओळीवरून उडी मारून गेले होते. "आहे की!" वकील म्हणाला, जरा नाराजीनं. मागे मोठ्या बाईंनीही पान वर धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि मग धाकटीकडे बराच वेळ पाहिलं.

दुसरं पान. आजोबांनी एका डाव्या बुटाला दोरा बांधून ठेवला. सकाळी बूट नाही, पण दोरा दाराखालच्या रुंद फटीतून बाहेर गेलेला. आजोबा दोऱ्यामागून निघाले, गल्ली ओलांडली, एका जुन्या जिन्याशी आले. दोरा जिन्याखाली, अंधारात गेला होता. आजोबा वाकले.

पान तिथे संपलं. वर्ग असा काही कळवळला की मी शेवटचं पान हातात धरून उगाच थोडी थांबले. मजा वाटत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, हे पान तिला वाचू द्या." मोठ्या बाई धाकटीकडे बोट दाखवत होत्या. "उत्तर हिनं शोधलं आणि सांगितलं बहिणीनं. हिचा आवाज ऐकायचाय मला."

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणणार काय? ही वाचू शकत नाही, असं? सगळ्या वर्गासमोर? मी पान तिच्यापुढे धरलं. तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरली तिच्याबरोबर उठायला लागली. "एकटीच," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा सूर कडक नव्हता, पण थोरली खाली बसली.

धाकटी फळ्यापाशी आली. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

"जि," ती म्हणाली. आणि थबकली.

सगळ्यांची तोंडं उघडली, सवयीनं. आणि तशीच उघडी राहिली. पुरवायला शब्द होता कुणाकडे? पान एकच, ते तिच्या हातात. थोरलीचे ओठ हलत होते, पण त्यातून काही निघत नव्हतं. तिलाही पुढचं माहीत नव्हतं. दोघी जन्मल्यापासून असं कधी झालं नसेल.

"जि... न्या. जिन्या. जिन्याखाली."

तिचं बोट पुढे सरकलं.

"जिन्याखाली एक... कु... कुत्री होती."

"हां!" कुणीतरी श्वास सोडला, आणि शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. धाकटी पुढे निघाली. एकेक अक्षर, एकेक शब्द. मी आजवर कितीतरी गोष्टी आवाज बदलून, हातवारे करून वाचून दाखवल्या आहेत. पण इतकी उत्कंठा मला कधी साधली नाही. ती जितकी हळू जाई तितके सगळे पुढे झुकत. मागचे तर बाकावर चढले होते.

"तिच्या... पुढे... सगळे डावे बूट... होते." बोट थांबलं. ओठ हलत होते, मनातल्या मनात. मला वाटलं, संपलं, आता अडकली, मी काहीतरी करायला हवं. आणि तेवढ्यात तिचा चेहरा उजळला आणि ती खुदकन हसली. तिनं पुढची ओळ आधी वाचून घेतली होती. तिला कळलं होतं, आणि आमच्यापैकी कुणालाच नव्हतं. मी स्वतः ती गोष्ट हातानं लिहिली होती, तरी मलासुद्धा त्या क्षणी वाटलं की माहीत नाही.

"काय? काय आहे?" वर्ग ओरडला.

"अगं काय आहे तिथे?" हे मोठ्या बाई विचारत होत्या, बाकावरून अर्ध्या उठून.

धाकटीनं वर पाहिलं. "थांबा ना, बाई," ती म्हणाली. "वाचतेय ना मी."

मोठ्या बाई खाली बसल्या.

"प्रत्येक... बुटात... एकेक पिल्लू झोपलं होतं. एक पिल्लू... नुसतंच... जमिनीवर होतं. आजोबांनी... आपल्या पायातला... डावा बूट काढला... आणि तिथे ठेवला."

मग एकच गलका. शिपाईमामांनी घंटा दिली ती कुणाला ऐकू गेली नाही. वकील म्हणत होता की आजोबांनी आता दुकानाचं नाव बदलायला हवं, कुणीतरी पिल्लांची नावं ठेवत होतं, आणि धाकटी पान छातीशी धरून उभी होती आणि द्यायला तयार नव्हती. मी रडत होते, ते लपवायचंही सुचलं नाही.

जाताना मोठ्या बाई दारात थांबल्या. "वर्ग एकच," म्हणाल्या. "पण फळ्यावर जरा मोठं लिहा. मागून दिसत नाही." आणि गेल्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी फाटकाशी जुळ्यांच्या आईला सांगितलं, तर ती माझा हात धरून उभी राहिली.

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर धाकटी दप्तर पाठीला लावून माझ्या टेबलाशी उभी.

"बाई, मी तिकडे बसू?" तिनं खिडकीजवळचा बाक दाखवला, वकिलाच्या मागचा.

"का ग? भांडलात का दोघी?"

"नाही." ती थोडा विचार करून बोलली. शब्द शोधत, पण स्वतःच. "ती आधी पोचते ना. मग शेवट तिच्या तोंडावर दिसतो. शेजारी बसलं की मला कळून जातो."

"मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!" थोरली बाकावरून ओरडली. तिचे डोळे भरले होते.

त्यांना वेगळं होऊ देणार नाही, असा शब्द मी त्यांच्या आईला दिला होता. तो राखायला आठवडाभर नाकी नऊ आले होते. आता तीच मी धाकटीचं दप्तर स्वतः उचललं आणि खिडकीजवळच्या बाकावर नेऊन ठेवलं, आणि आयुष्यात एवढा आनंद मला कुठलाही शब्द मोडताना झाला नव्हता.

थोरली अजून तिच्याकडेच बघत होती. "मग मी काय करू?" तिनं विचारलं.

"तू तुझं वाच," धाकटी म्हणाली. "मी माझं वाचते."